सासरेबुवांची फरशी

लग्न होऊन या घरात मी पहिलं पाऊल टाकलं, ते जिथे टाकलं तिथे राहिलंच नाही. उंबरठ्याच्या आत पाय ठेवला आणि पुढच्या क्षणी मी जेवणाच्या टेबलाला मिठी मारून उभी होते. मागे नवरा "सांभाळ" म्हणायच्या बेतात होता; तो शब्द त्याच्या तोंडातच राहिला. सासूबाई भिंतीला धरून उभ्या होत्या, त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले. सासरे मात्र खूश झाले. दारापासून टेबलापर्यंतचं अंतर त्यांनी नजरेने मोजलं आणि म्हणाले, "वा! नवा थर मस्त बसलाय." सुनेबद्दलचं त्यांचं पहिलं मत हे असं फरशीमार्फत बनलं.

सासऱ्यांना मी बाबा म्हणते, सासूबाईंना आई. बाहेरचं जग बाबांना 'गुळगुळे' म्हणतं. खरं आडनाव वेगळंच आहे, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर उरलंय. उभा जन्म त्यांनी एका विमा कंपनीच्या मोठ्या इमारतीत फरश्या चमकवण्यात घालवला. हाताखाली माणसं होती, फिरत्या ब्रशाचं मशीन होतं, मेणाच्या डब्यांनी भरलेली एक खोली होती, तरी शेवटचा हात स्वतः फिरवल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. गुडघ्यांवर बसून, गाल फरशीला लावून, एक डोळा मिटून ते तिच्याकडे असे बघत, की तसं आईंकडे त्यांनी कधी बघितलं असेल असं मला वाटत नाही.

बाबांचं एक तत्त्वज्ञान होतं. जगात जेवढी झीज होते, जेवढी कुरकुर होते आणि जेवढा उशीर होतो, त्या सगळ्याच्या मुळाशी एकच दुष्ट बसलाय, तो म्हणजे खरखर. कपाटाचा खण अडतो, कारण खरखर. दार करकरतं, बुटाचे तळ झिजतात, सायकल सपाट रस्त्यावरही पाय मारायला लावते, सगळं खरखरीमुळे. नणंदेचे यजमान शाळेत विज्ञान शिकवतात, ते त्याला घर्षण म्हणतात. बाबांच्या मते चांगलं नाव दिल्याने वाईट गोष्ट सुधारत नाही.

प्रत्येक फरशीची ते परीक्षा घ्यायचे. मेणाची रिकामी पत्र्याची डबी खाली ठेवायची, तिला बोटाने टिचकी मारायची आणि ती कुठवर जाते ते बघायचं. साध्या फरशीवर डबी वीतभर जाऊन बसायची. बाबांचा हात फिरलेल्या फरशीवर ती अशी निघायची, की जणू तिला कुठेतरी तातडीचं काम आहे. "चालती वस्तू आपण होऊन थांबत नसते, सूनबाई," ते मला समजावायचे. "कोणीतरी तिचे पाय ओढतं म्हणून ती थांबते. तो कोणीतरी हुडकायचा आणि त्याच्यावर मेण फासायचं." एक दिवस अशी फरशी करायची, की डबी सुटली ती सुटलीच, हे त्यांचं स्वप्न होतं. मध्ये भिंत येते, एवढीच त्यांची या जगाबद्दल तक्रार होती.

त्या विमा कंपनीत कामं फार हळू चालतात अशी लोकांची ओरड असायची. लोक कारकुनांच्या नावाने बोटं मोडायचे. पण त्या बिचाऱ्यांचा दोष नव्हता. त्या फरशीवर घाईने चालणारा माणूस आपल्या टेबलापाशी थांबूच शकायचा नाही, तो पुढच्या खात्यात जायचा. म्हणून शहाणी माणसं पाय न उचलता, बदकासारखी, बेताबेताने सरकायची आणि हातातले कागदही त्याच वेगाने सरकायचे. मोठे साहेब एकदा एका कारकुनाला फैलावर घ्यायला तावातावाने निघाले. पायात नवेकोरे, कातडी तळाचे बूट. ज्याला झापायचं त्याच्या समोरून ते "मला तुमच्याशी जरा..." एवढंच म्हणत निघून गेले आणि थांबले ते थेट पिण्याच्या पाण्याच्या टाकीपाशी. तिथे त्यांनी पेलाभर पाणी प्यायलं, कारण दुसरं काही करणं बरं दिसलं नसतं. त्या कारकुनाला पुढे बढती मिळाली.

आणखी एक किस्सा बाबा जेवताना हटकून सांगायचे. कंपनीचे खजिनदार अगडबंब, आणि त्यांचा शिपाई काडीसारखा. वाऱ्याने उडालेल्या एका कागदामागे दोघे बरोबरच धावले आणि बरोबरच सुटले. बघणाऱ्यांना वाटलं, खजिनदार आता भिंत फोडून बाहेर जाणार. पण दोघेही एकाच खांबापाशी येऊन थांबले. सगळे चकित. बाबांनी तिथल्या तिथे उलगडा केला: जाड्या माणसाला आवरणं जड, पण त्याला फरशीही तेवढ्याच जोरात धरते. वजन दोन्हीकडे लागतं, म्हणून ते फिटून जातं. उरतो तो वेग. सारख्या वेगाने निघालात तर सारखेच जाल. हे व्याख्यान चालू असताना खजिनदार त्यांच्या पायाशी आडवेच होते आणि त्यांना उठवायचं कोणाच्या लक्षात आलं नाही.

साहेबांनी मग 'सावकाश चाला' अशी पाटी आणून ठेवली. तिला कोणाचा तरी धक्का लागला आणि इमारतीत सगळ्यात जोरात जर काही गेलं असेल तर ती पाटी. मग पायपोस टाकले. पायपोसावर पाय ठेवला की माणूस पायपोसासकट निघायचा, म्हणजे प्रवासाला वाहन मिळालं इतकंच. शेवटी समिती नेमली गेली. पहिल्या बैठकीला जातानाच समितीच्या अध्यक्षांचा पाय मुरगळला, म्हणून बैठक पुढे गेली आणि ती पुढेच राहिली. फरशीबद्दल कोणी चकार शब्द काढला तर बाबांचं उत्तर तयार असायचं: नाचता येईना अंगण वाकडं.

घरी तर काय, त्यांचंच राज्य. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून घासणं, मेण लावणं, घोटणं चालायचं आणि आम्ही सगळे पलंगावर पाय वर घेऊन बसायचो. खुर्च्या टेबलाच्या पायांना दोरीने बांधलेल्या असत, नाहीतर बसणाऱ्याच्या आधी खुर्ची निघून जायची. सोफ्यावर धपकन बसलं की सोफा मागच्या भिंतीला जाऊन टेकायचा. पाहुणे जिथे थांबतील तिथे आम्ही चहा नेऊन द्यायचो. पायाखालची जमीन सरकणं हा इतर घरांत वाक्प्रचार असेल, आमच्याकडे तो दिनक्रम होता. माझा नवरा याच घरात चालायला शिकला, त्यामुळे अजून भर रस्त्यातही तो पाय उचलत नाही, नुसता घासत जातो. नणंद लग्न होऊन सासरी गेली, तिथली फरशी खडबडीत होती, तर म्हणे पहिल्या दिवशी ती या खोलीतून त्या खोलीत उगाचच पळत होती. सासरच्यांना वाटलं, मुलगी मनमोकळी आहे.

अधूनमधून बाबांच्या धंद्यातले जुने मित्र यायचे. फरशीचे दर्दी. ते आमच्याकडे बघायचे नाहीत, दारातूनच खाली बघायचे. हॉलचा मधला भाग ही बाबांची सगळ्यात मोठी कमाई. तिथे ते दर्दी ओणवे होऊन आपापले दात बघायचे आणि मान हलवायचे.

आई मात्र हॉलच्या मधून कधी जायच्या नाहीत. त्या भिंतीकडेने जायच्या. डावा हात भिंतीवर, पाय अंदाज घेत. झोपायच्या खोलीतून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातून मोरी, मोरीतून परत खोली, सगळं भिंतीच्या आधाराने. भिंतीवर त्यांच्या हाताच्या उंचीवर एक काळपट पट्टा उमटायचा. बाबा दर वर्षी तो रंगवून घ्यायचे आणि म्हणायचे, हिला स्वच्छतेची सवय कधी लागणार देव जाणे. आई हसायच्या. मला त्या हसण्याचा राग यायचा, पण नवी सून म्हणून गप्प बसले, आणि मग जुनी सून म्हणून गप्प बसले.

नणंदेच्या यजमानांनी एकदा बाबांना समजवायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, "बाबा, आपण पुढे जातो ते पायाने जमीन मागे ढकलून. जमीन पायाला धरते म्हणून आपल्याला पुढे जाता येतं. तुमच्या स्वप्नातली फरशी खरंच झाली, तर डबी थांबणार नाही हे बरोबर, पण त्या फरशीवर मधोमध उभा असलेला माणूस जागचा हलूच शकणार नाही. पाऊल टाकायला धरायलाच काही नाही." बाबांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "इतकी चमकदार जागा सोडून त्याला जायचंय कुठे?" पालथ्या घड्यावर पाणी. जावईबापू भिंत धरून मोरीकडे गेले.

बाबा निवृत्त झाले तेव्हा कंपनीने त्यांना त्यांचं जुनं मशीन भेट म्हणून दिलं. निरोप समारंभात साहेबांच्या डोळ्यात पाणी होतं. ते मशीन इमारतीबाहेर चाललं याचं असावं. त्या दिवसापासून आमच्या घरात सुट्टीचा दिवस रोजच उजाडू लागला.

आणि मग आई पडल्या. घरात नाही, रस्त्यात. मी बरोबर होते. औषधाच्या दुकानाकडे चाललो होतो, रस्ता नुकताच नवा केलेला, चांगला खरखरीत. आईंना इतकी वर्षं पाय न उचलता सरकायची सवय. त्या रस्त्याने त्यांचा पाय धरून ठेवला. पाय थांबला हे वरच्या शरीराला कळलंच नाही, ते आपल्या वेगाने पुढे गेलं. खुब्याचं हाड मोडलं. घरात बदकासारखी चालणारी बाई बाहेर माणसासारखी चालायला विसरली होती, इतकी साधी गोष्ट.

दवाखान्यात बाबा आले ते विजयी मुद्रेने. म्हणाले, घरात इतकी वर्षं पडली का? कुठे पडली? खडबडीत रस्त्यावर! पडलो तरी नाक वर म्हणतात, इथे पडल्या आई आणि नाक वर बाबांचं. पण खोटं कशाला बोलू, माणूस घाबरला होता. आईंना शस्त्रक्रियेला आत नेलं तेव्हा ते बाकावर बसून बुटाच्या टोकाने दवाखान्याची फरशी नुसतीच घासत होते. मी चहा दिला, तो हातातच निवला. हातांचं काय करायचं ते त्यांना समजत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, मी इथे बसून काय उपयोग, मी घरी जाऊन तिच्यासाठी काहीतरी करतो. मला बरं वाटलं. वाटलं, पलंगाची उंची बघतील, मोरीत धरायला दांडा बसवतील.

त्यांनी आईंसाठी सगळ्या घराला नवीन मेण लावलं. एकावर एक थर, प्रत्येक थर वाळवून, घोटून. दारं बंद करून दिवसचे दिवस राबले. कंबर धरली, तरी राबले. माणसाला प्रेम करायची एकच रीत येत असेल तर तो तीच करणार, दुसरी कुठून आणणार?

आईंना आम्ही खुर्चीत बसवून दारापर्यंत आणलं. बाबांनी दार उघडलं आणि बाजूला झाले, नाटकाचा पडदा उघडतात तसे. आत फरशी नव्हतीच, नुसता उजेड होता. आईंनी खुर्चीतून उठून उंबरठ्याच्या आत दवाखान्यातून दिलेला वॉकर टेकवला. वॉकरचे पाय त्यांची वाट न बघता पुढे निघाले. माझ्या नवऱ्याने त्यांना वेळेवर धरलं.  त्या हळूच म्हणाल्या, "मला परत खुर्चीत बसवा." मग आम्ही त्यांना खुर्चीसकट ढकलत खोलीत नेलं. पहिला धक्का तेवढा जोराचा लागला, पुढे खुर्ची आपोआप चालली. बाबा शेजारून चालत म्हणाले, "बघ, एका बोटाने जातेस. दुसऱ्या कुणाच्या घरी चार माणसं लागली असती." ते मनापासून बोलत होते, यातच सगळं आलं.

व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या. पहिल्या दिवशी त्या घाईत आत शिरल्या आणि जेवणाच्या टेबलाला मिठी मारून थांबल्या. मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. श्वास आवरून त्यांनी आईंना तपासलं आणि बाहेर येऊन आम्हा सगळ्यांना स्वच्छ सांगितलं: हाड जुळतंय, काळजी नाही. पण आत्ता चालल्या नाहीत तर पुढे चालणार नाहीत. पायातली ताकद एकदा गेली की या वयात परत येत नाही. मग हा पलंग आणि समोरची भिंत, एवढंच.

बाबांनी उपाय सुरू केले. फरशी सोडून बाकी सगळ्यांत दोष निघाला. वॉकर हलका आहे म्हणून त्याला वाळूच्या पिशव्या बांधल्या. वाळूसकट तो जास्त वजनदार झाला आणि पूर्वीइतकाच घसरला. खजिनदारांचा किस्सा त्यांना आठवायला हवा होता, पण स्वतःचं शास्त्र स्वतःच्या घरी लागू करणारा शास्त्रज्ञ मी तरी पाहिलेला नाही. मग खालून रबरी ठिपके असलेले मोजे आणले. त्या मोज्यांनी मेण पकडलं, आणि मेणाने मेण पकडल्यावर जे व्हायचं तेच झालं. शेवटी वॉकरच्या पायांना मऊ रबराच्या जाड टोप्या बसवल्या. त्या जरा धरायला लागल्या. आई थरथरत का होईना, पलंगापासून दारापर्यंत गेल्या. आम्ही सगळे टाळ्या वाजवायच्या बेतात होतो.

पण त्या टोप्यांमुळे फरशीवर काळ्या रेघा उठल्या. आईंच्या मागून बाबा फडकं घेऊन गुडघ्यांवर चालत होते, एकेक रेघ पुसत. आईंनी मान वळवून बघितलं. त्या थांबल्या. म्हणाल्या, पाय दुखतोय, आज पुरे.

दुसऱ्या दिवशीही पाय दुखत होता. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, बाईंना सांगा, उद्यापासून नको. मी पाय चोळायला बसले तेव्हा मला म्हणाल्या, "त्यांना या वयात माझ्यामागे पुसत बसावं लागतं गं. मी आपली पडून बरी." त्यांची पोटरी माझ्या हातात सैल, मऊ लागत होती. मला रडू आलं, आणि मला रडू आलं की त्याच्या पाठोपाठ राग येतोच.

मी बाहेर गेले. बाबा टेबलाशी चहा पीत होते, नजर फरशीवर. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "बाबा, या घरात दोन गोष्टी आडव्या आहेत. एक फरशी आणि दुसऱ्या आई. एकीला उभं करायचं असेल तर दुसरीला ओरखडावं लागेल. कुठली ते तुम्ही ठरवा. पण आईंना विचारू नका, त्या फरशीचंच नाव घेतील."

माझा नवरा पेपरात तोंड घालून बसला होता, तो पेपरासकट गोठला.  बाबांनी कप खाली ठेवला, तो जरा सरकला, तो धरून त्यांनी पुन्हा नीट ठेवला. मग उठून अवजारांच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. आपल्या तोंडाला आवर नाही, असं मी दिवसभर स्वतःला बजावत राहिले.

सकाळी मला जाग आली ती एका आवाजाने. या घरात मी कधीच न ऐकलेला आवाज. खर्र, खर्र. धावत गेले, म्हणजे आमच्याकडे धावतात तशी. आईंच्या पलंगापाशी बाबा गुडघ्यांवर बसले होते. हातात घासायचा जाड दगड, शेजारी पाण्याची वाटी. मेणाचे थर सोलून खालचा दगड ते खरबरीत करत होते. मशीन लावलं असतं तर काम चटकन झालं असतं, पण मशीन गोल गोल फिरतं, त्यांना सरळ पट्टा हवा होता. पलंगापासून मोरीपर्यंत, वॉकरच्या रुंदीचा, बोटभरही जास्त नाही. दोन्ही कडा सुतात. फरशीचा घात करायचा तोसुद्धा नीटनेटका. चेहरा असा, की जणू स्वतःच्या लग्नाचे फोटो फाडतायत.

पट्टा पुरा झाल्यावर त्यांनी खिशातून डबी काढली, ठेवली, टिचकी मारली. डबी जागच्या जागी बसली. ते बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. "धरते," म्हणाले.

आईंनी वॉकर टेकवला. तो जिथे टेकवला तिथे राहिला. त्यांनी पाऊल ठेवलं, तेही राहिलं. मग आपलं पाऊल बघून त्यांनाच आश्चर्य वाटलं. पाय मागे ढकलायचा, अंग पुढे न्यायचं, पाय उचलायचा, हे सगळं पुन्हा बोलावलेल्या व्यायामाच्या बाईंनी त्यांना लहान मुलीला शिकवावं तसं शिकवलं. आई मोरीपर्यंत जाऊन आल्या. बाबांच्या हातात फडकं होतं, पण ते त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं.

पुढच्या आठवड्यात पट्टा स्वयंपाकघरापर्यंत गेला. चकचकीत घरात त्या दोन भुरकट वाटा, शेतातून पायवाट जावी तशा. आई त्यांवरून जायच्या-यायच्या, रोज जरा जास्त. हळूहळू त्या ओट्यापाशी उभ्या राहून मला चुका दाखवायला लागल्या, तेव्हा मी समजले, बाई बरी झाली. दर्दी मंडळी येऊन दारातच थबकली. एकाने टोपी काढली. बाबा त्यांना 'तात्पुरतं आहे' असं सांगत होते, पण आवाजात दम नव्हता.

एके दिवशी दुपारी आई पलंगावर बसल्या होत्या. बाबा दगड धुवून ठेवत होते. सहजच विचारावं तसं, आणि मला वाटतं जन्मात पहिल्यांदाच, ते म्हणाले, "अजून कुठे जायचंय का तुला?"

आईंनी जरा विचार केला. मग म्हणाल्या, "हॉलच्या खिडकीपाशी."

खिडकी हॉलच्या पलीकडच्या टोकाला. तिथे भिंतीकडेने जाता येत नाही, मध्ये कपाटं आहेत. जायचं तर हॉलच्या मधोमधूनच, दर्दी जिथे ओणवे व्हायचे तिथूनच. बाबांचा हात दगडावर थांबला.

"तिथे काय आहे?" ते म्हणाले.

"माहीत नाही," आई म्हणाल्या. "मी कधी गेले नाही."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बाबांनी परतवला असता, त्यांना सवय होती. त्या नुसतं जे होतं ते सांगत होत्या. या घरात संसार केला, मुलं वाढवली, आणि स्वतःच्या घरातल्या खिडकीतून बाहेर काय दिसतं ते त्यांना माहीत नव्हतं. मीही इतकी वर्षं इथे राहते, माझ्याही कधी लक्षात आलं नव्हतं.

बाबांनी वाटीत पाणी घेतलं आणि हॉलमध्ये गेले. माझा नवरा मदतीला पुढे झाला, त्याला त्यांनी हातानेच थांबवलं. मग तो आवाज सुरू झाला आणि संध्याकाळपर्यंत चालू राहिला. या वेळी त्यांनी कडा सुतात ठेवल्या नाहीत. पट्टा वॉकरपेक्षा बराच रुंद झाला, दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढा.

आई निघाल्या. मी मागे होते, पण हात लावायची वेळ आली नाही. खिडकीपाशी मी खुर्ची ठेवली होती, दोरी न बांधता, आणि आई बसल्या तेव्हा ती जागची हलली नाही. त्यांनी बाहेर बघितलं. समोर एक मोठं झाड होतं, खालून रस्ता, रस्त्याच्या पलीकडे एक दुकान. आई किती तरी वेळ बघत राहिल्या.

"केवढं मोठं झाड आहे हो," त्या म्हणाल्या. "लहान होतं तेव्हा कसं होतं?"

बाबा पट्ट्याच्या मध्यावर उभे होते, हात मेणाने आणि दगडाच्या भुकटीने पांढरे झालेले.  त्यांनी खाली, पायाशी बघितलं, जिथे आता काहीच दिसत नव्हतं.

"मी ते फरशीतच बघितलंय," ते म्हणाले. "पुसताना दिसायचं. उलटं."

आईंनी खुर्ची जराशी सरकवली आणि खिडकीत त्यांना जागा करून दिली.